दो-आठ

"ये मोटापा नहीं है बहनजी, ये सूजन है."

इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या त्या दुकानात दोन माणसं धड उभी राहू शकत नाहीत. छतापासून जमिनीपर्यंत बांगड्यांच्या माळा, मध्ये एक मळकी गादी, गादीवर म्हातारा बांगडीवाला आणि त्याच्या हातात माझा डावा हात. 2017 चा डिसेंबर होता. भाचीच्या लग्नाचा चुडा भरायला आम्ही घरातल्या सात-आठ जणी गेलो होतो. नवरीचे हात झाले, करवल्यांचे झाले, माझी पाळी आली तेव्हा मी सवयीनं "दो-चार" म्हटलं. लग्नापासून माझं माप तेच. त्यानं माझा अंगठा तळव्यात दुमडला, बोटं जुळवली आणि बांगडी वर सरकवली. ती बोटांच्या मुळाशीच अडली. दो-छह काढली, तीही अडली. दो-आठची माळ सोडवायला त्यानं हात वर केला तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "बँकेतल्या सुखाची सूज आहे हो ही!" सगळ्या हसल्या. मीही हसले. म्हातारा तेवढा हसला नाही. त्यानं माझ्या हाताची मागची बाजू अंगठ्यानं दाबली, सोडली, परत दाबली, आणि वरचं वाक्य म्हणाला. मग जाऊबाईंकडे न बघता, जणू माझ्या हातालाच सांगतोय अशा आवाजात, "चरबीवाला हाथ नरम रहता है, मोड़ो तो मुड़ जाता है. ये तो भरा हुआ है. चालीस साल से हाथ ही देख रहा हूँ. डॉक्टर को दिखा लेना."

पावडर लावून, दोन बांगड्या फुटून, दो-आठ एकदाची चढली. मला राग आला होता. चारचौघींत हाताचं माप निघालं याचा, आणि त्याहून जास्त, त्यानं माझा हात इतका वेळ धरून ठेवला याचा. परतताना जाऊबाईंनी छोले-टिकियाच्या गाडीपाशी सगळ्यांना थांबवलं, मी "मला नको" म्हणून बाजूला उभी राहिले. शालीखालच्या स्वेटरच्या आत आणखी एक स्वेटर होता. तरी दात वाजत होते.

भरा हुआ है. रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं.

पुण्याची मावसभावंडं आमच्या इंदुरी मराठीला लहानपणापासून हसत आली आहेत. आम्ही "जातेय" म्हणत नाही, "जाऊन राहिली आहे" म्हणतो. "पाऊस पडून राहिलाय", "पोहे होऊन राहिलेत". हिंदीच्या शेजारानं लागलेली खोड. पण माझ्या आजाराचं नेमकं वर्णन करायला मला प्रमाण मराठीत काळच सापडत नाही. मी आजारी पडले नाही. पडायला एक दिवस लागतो, तारीख लागते, ताप लागतो. मी थकून राहिले होते. केस गळून राहिले होते, टाचा फुटून राहिल्या होत्या, आवाज बसून राहिला होता. सुरुवात कुठली, हे आजही सांगता येत नाही. फार मागं गेलं की 2014 च्या आसपासची एक दुपार आठवते. ऑफिसच्या जिन्याच्या मधल्या टप्प्यावर मी उभी आहे, वर जायचं होतं की खाली, हे आठवत नाहीये. त्या वेळी मी ते कुणाला सांगितलंसुद्धा नाही. जिन्यावर विसरणं हा काय सांगायचा विषय आहे?

घरात सगळ्यात मोठं भांडण पंख्याचं. मे महिन्यात, जेव्हा इंदूरची रात्रीची प्रसिद्ध हवासुद्धा रुसलेली असते, तेव्हा मी चादर गळ्यापर्यंत ओढून "एकवर करा" म्हणायची, आणि हे बिचारे उठून दिवाणखान्यात सतरंजीवर झोपायला जायचे. लेक तेव्हा नववीत. तिनं माझं नाव "फ्रीज" ठेवलं होतं, कारण माझा हात लागला की ती किंचाळायची. सासूबाई काही वाईट बोलणाऱ्या नव्हेत, पण रविवारी दुपारी मी दोनला आडवी झाले आणि दिवेलागणीला उठले की त्या तुळशीपाशी दिवा लावता लावता म्हणायच्या, "झोप झाली?" एवढंच. ते "झाली?" अजून ऐकू येतं. आणि फोन! बँकेच्या लँडलाइनवर मी "नमस्कार" म्हटलं की पलीकडून "हाँ सर, नमस्ते सर" यायचं. पहिल्यांदा गंमत वाटली. आमच्या कॉलनीच्या गणपतीत आरतीला वरचा सूर माझा असायचा, तो कधी खाली उतरला आणि मी नुसती टाळ्या वाजवायला कधी लागले, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

मग आली नोटबंदी. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्रीनंतर दोन महिने बँकेतल्या कुणालाच स्वतःच्या शरीराचं भान नव्हतं, त्यामुळे माझं आयतंच झाकलं गेलं. सगळेच थकलेले, सगळ्यांचेच डोळे सुजलेले, सगळेच चिडचिडे. मी कॅशवर होते. नोटा मोजणं हे माझं एकुलतं एक अभिमानाचं काम. मशिन असलं तरी माझी बोटं आधी मोजायची आणि मशिन नंतर खरं ठरवायचं. त्या डिसेंबरात माझी कॅश तीनदा कमी आली. एकदा शंभराच्या जुडग्यात गुलाबी दोन हजाराची नोट गेली होती. अख्खं जग ज्या नोटेकडे डोळे फाडून बघत होतं, ती माझ्या बोटांना कळली नाही. कमी पडलेले पैसे खिशातून भरायचे असतात, ते भरले. जानेवारीत साहेबांनी फार सौजन्यानं मला कॅशवरून काढून टपालाच्या टेबलावर बसवलं. "थोडा आराम मिलेगा मैडम." मी त्यांचे आभार मानले, बाथरूममध्ये गेले, आणि रडू येईना म्हणून तशीच उभी राहिले. रडायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं.

डॉक्टरांकडे गेले नव्हते असं नाही. उलट इतक्यांकडे गेले की फायलीची जाडी हाच एक आजार झाला होता. पाळी अंगावरून फार जायची, तर एकांनी हिमोग्लोबिन तपासलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. रात्री हाताला मुंग्या यायच्या, तर दुसऱ्यांनी मानेचा एक्स-रे काढून पट्टा बांधला. केसांसाठी तिसरे, महागडं तेल. कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं तेव्हा चौथ्यांनी तूप आणि शेव बंद केली. इंदुरात राहणाऱ्या बाईला शेव बंद करणं म्हणजे पोह्यांवर नुसता जिरावण मसाला भुरभुरून माहेरची आठवण काढत बसणं. पोट साफ होत नव्हतं त्याला इसबगोल. शेवटच्यांनी दोन मिनिटं बघून "घर में कोई टेंशन?" विचारलं, आणि वय लिहिताना बेचाळिसाच्या आकड्याखाली एक रेघ मारली. त्या रेघेत सगळं निदान आलं होतं. यातलं कुणी खोटं बोललं, असं मी म्हणणार नाही. हिमोग्लोबिन कमी होतंच, कोलेस्टेरॉल वाढलेलं होतंच. बँकेच्या भाषेत सांगायचं तर एकाच खातेदाराची सहा खाती सहा काउंटरांवर उघडलेली होती. प्रत्येक काउंटरवरचा हिशेब बरोबर. खातेदार एकच आहे, एवढं कुणी बघितलं नव्हतं.

आणि मीही बघितलं नव्हतं, कारण माझ्याकडे एक शब्द तयार होता. आळस. लहानपणापासून मी थोडी सुस्तच. आईचं वाक्य होतं, "हिला हाक मारली की तिसऱ्या हाकेला हलते." मग चाळिशीत ती जरा जास्त सुस्त झाली, एवढंच, नाही का? आजाराला औषध असतं. स्वभावाला काय औषध? मी पहाटे पाचचा गजर लावायची, "उद्यापासून सुधारायचं" ठरवायची आणि सातला उठून स्वतःला शिव्या घालायची. चार वर्षं रोज सकाळी मी दिवसाची सुरुवात स्वतःचा अपमान करून केली. त्या हिशेबाचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

लग्न आटोपल्यावर खोकला झाला म्हणून बँकेशेजारच्या नव्या डॉक्टरणीकडे गेले. वय असेल तिशीचं, टेबलावर स्वतःचा डबा अर्धा उघडा. खोकल्याचं लिहून झालं, आणि माझ्या मनगटातला उरलेला चुडा बघून तिनं "शादी थी?" विचारलं. मी हसत हसत बांगडीवाल्याचं सांगितलं. म्हणजे किस्सा म्हणून सांगितला. तिनं पेन खाली ठेवलं. माझा हात घेतला, त्यानं दाबला होता तिथंच दाबला. मग नाडी. बराच वेळ नाडी. मग माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "आप आइब्रो बनवाती हैं?" मी म्हटलं, वेळ कुठाय. तेव्हा तिनं मोबाइलचा कॅमेरा माझ्याकडे फिरवून धरला. दोन्ही भुवयांची बाहेरची टोकं गायब होती. आरशात रोज कुंकू लावणाऱ्या बाईला स्वतःच्या भुवयांची शेपटं गेलेली दिसली नव्हती. मग तिनं मला खुर्चीवर गुडघे टेकून, पावलं बाहेर लोंबकळत ठेवून बसायला सांगितलं, देवासमोर बसल्यासारखं, आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोटा रबरी हातोडा मारला. पाऊल झटकन हललं. परत यायला मात्र त्यानं वेळ घेतला, सावकाश, ऐटीत, दुपारची झोप झालेल्या माणसासारखं. "देखा?" ती म्हणाली. मला काय दिसणार, मी भिंतीकडे तोंड करून बसले होते.

थायरॉइडची तपासणी काही शे रुपयांची. कोलेस्टेरॉलच्या पथ्यावर याहून जास्त खर्च झाला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला. टीएसएच 86. शेजारी छापलेलं होतं की तो साधारण चारच्या आत हवा.

घरी गोंधळ उडाला तो आकडा एवढा मोठा म्हणून. यांचं म्हणणं, "म्हणजे थायरॉइड फार वाढलंय." लेकीनं मोबाइलवर वाचून सांगितलं, "नाही बाबा, कमी झालंय." सासूबाई म्हणाल्या, "वाढलंय का कमी झालंय ते तरी नक्की करा." मला ते शेवटी आईच्या हाकेवरून समजलं. गळ्यातली ती फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी म्हणजे झोपलेली मुलगी. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी, ती स्वयंपाकघरातून हाक मारणारी आई. टीएसएच म्हणजे ती हाक. मुलगी उठली की हाका थांबतात. मुलगी उठत नसेल तर आवाज चढत जातो. माझ्या घरात चार हाकांचं काम होतं आणि आई 86 हाका मारून बसली होती. मुलगी आळशी नव्हती. तिच्या अंगात उठायला काही उरलंच नव्हतं.

पुढच्या तपासणीत अँटिबॉडीज निघाल्या. म्हणजे माझ्याच शरीराचे राखणदार माझ्याच ग्रंथीला परकी समजून वर्षानुवर्षं खात होते. या प्रकाराला ज्यांचं नाव मिळालं त्या जपानी डॉक्टर हाशिमोटोंनी 1912 मध्ये चार बायकांच्या ग्रंथींवरून तो पहिल्यांदा लिहून ठेवला. चारही बायका, पुरुष एकही नाही. मला का कोण जाणे त्या चौघींविषयी फार उत्सुकता आहे. त्यांनाही कुणी झोप झाली का म्हणून विचारत असेल. मीठ बदलायचं का, हा सासूबाईंचा प्रश्न होता, कारण उपासाला आमच्याकडे बिनआयोडीनचं सैंधव चालतं आणि खापर त्याच्यावर फुटलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं. हाशिमोटोचा दोष मिठाचा नाही, हे विशेषज्ञांनी सांगितल्यावर त्या सैल झाल्या. त्याच विशेषज्ञांनी फॉर्म भरता भरता विचारलं, "परिवार में किसी को?"

मी ताबडतोब "नहीं" म्हटलं.

स्कूटरवर यांच्या मागं बसून परत येत होते. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, होळकरांच्या त्या समाध्यांपाशी, जाम लागला. संध्याकाळचं ऊन दगडी कोरीव कामावर पडलं होतं, आणि तिथं, हॉर्नांच्या कल्लोळात, मला माई आत्या आठवली. अगदी एकदम. मे महिन्यात, रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर, तपकिरी स्वेटर घालून गहू निवडत बसलेली.

माई आत्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला आणि ती भावाकडे आली ती कायमची. घरात तिला कुणी टाकून बोलायचं नाही असा वडिलांचा दंडक होता, आणि तो पाळला जायचा. पण चेष्टेला दंडकात जागा होती. आत्याचा आवाज जाड, घोगरा, आणि प्रत्येक शब्द ओढून ओढून यायचा. काका म्हणायचे, "आत्याची तबकडी तेहतीसवर लावलीय." आम्ही पोरं तिच्यामागं तिच्या आवाजात "चि...मे, पा...णी दे" म्हणत फिरायचो. तीही हसायची, पण तेही उशिरा. विनोद होऊन गेलेला असायचा, पुढचं काही चालू झालेलं असायचं आणि मग आत्या हसायची. आई मुद्दाम तिच्यासाठी थांबायची, हे आता कळतं. गहू निवडता निवडता ती बसल्या बसल्या झोपायची, सूप मांडीवर तसंच. पाहुण्यांसमोर आजी म्हणायची, "आमची माई जरा निवांत आहे." आश्रित बाईनं निवांत असणं म्हणजे काय, हे त्या वाक्यात बसलेल्या प्रत्येक बाईला कळत असणार. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या विधवेला दुसरं काहीही चालतं, आळस चालत नाही. आत्या पहाटे चारला उठायची. मला वाटायचं, तिला झोप येत नाही म्हणून. आता वाटतं, बाकीच्यांना जे दोन तासांत जमायचं त्याला तिला चार लागायचे, म्हणून ती चोरून दोन तास आधी सुरू करत होती.

तिच्या हातात पाटल्या होत्या, लग्नातल्या. त्या रुतायला लागल्या तेव्हा साबण लावून झाला, तेल झालं, शेवटी सराफ्यातून एक कारागीर घरी आला आणि त्यानं छोट्या करवतीनं त्या कापून काढल्या. मी सहा-सात वर्षांची असेन. मनगटावर दोन पांढरे वळ राहिले होते आणि आत्या ते सारखी चोळत होती. "खाऊन खाऊन पाटल्या हरल्या हो," असं कुणीतरी म्हटलं. कुणी ते आठवत नाही, पण हसलेल्यांत मी होते, ते आठवतं. आत्या काय खायची? सकाळची भाकरी आणि ताक. रात्री एकदा दूध. आश्रित बाई खाऊन खाऊन जाड कशी होईल, हे गणित त्या घरातल्या बी.कॉम. झालेल्या तीन पुरुषांपैकी एकालाही पडलं नाही.

1986 च्या पौषात ती गेली. आठ-दहा दिवस जास्तच झोपून राहायची, उठवलं की "हं" म्हणायची. अंग गार लागायचं म्हणून आईनं शेगडी ठेवली होती. एका सकाळी उठलीच नाही. डॉक्टरांनी हृदयक्रिया लिहिली. वय बावन्न.

मला माहीत आहे, मेलेल्या माणसाचा टीएसएच काढता येत नाही. विशेषज्ञांना पुढच्या खेपेला सांगितलं तर तेही एवढंच म्हणाले की ही प्रकृती घराण्यात असते, असू शकेल. पण मी अल्बम काढून बसले. आत्याचे फोटो तीनच. काकांच्या मुंजीतला एक, त्यात ती वीस-एकविशीची आहे, भुवया टोकापर्यंत काळ्याभोर. शेवटचा आमच्या घरच्या गौरींसमोरचा, चेहरा फुगलेला, डोळ्यांखाली पिशव्या, आणि भुवया अर्ध्यावर येऊन संपलेल्या. भिंग घेऊन पाहिलं. संपलेल्याच आहेत. मग मी वाचत सुटले, ज्याची काही गरज नव्हती. 1891 मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरनं अशाच सुजलेल्या, गारठलेल्या, सावकाश झालेल्या एका शेहेचाळीस वर्षांच्या बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचायला सुरुवात केली, आणि ती पुढं अठ्ठावीस वर्षं जगली. तेवढ्या वर्षांत तिला 870 हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. पुढं मेंढ्याही लागेनाशा झाल्या. 1927 मध्ये थायरॉक्सिन, म्हणजे या ग्रंथीचं संप्रेरकच, प्रयोगशाळेत तयार झालं. आत्या 1986 मध्ये गेली. पंचाण्णव वर्षं. हे वजाबाकीचं गणित मी एकदाच केलं, आणि कॅल्क्युलेटर उपडा ठेवला.

आता त्याच थायरॉक्सिनच्या माझ्या गोळीचं. पहिल्यांदा 50 मायक्रोग्रॅम, मग 75, मग 100. पहाटे उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर तासभर चहा नाही. हा तास मराठी बाईसाठी काय असतो ते पुरुष डॉक्टरांना सांगून उपयोग नाही. घर झोपलेलं, दूध तापलेलं, आलं किसलेलं, आणि आपण घड्याळाकडे बघत ओट्याला टेकून उभ्या. सुरुवातीला मी "एक घोट" घ्यायची. एका घोटानं काय होतंय? शिवाय लोहाची गोळी विसरायला नको म्हणून तीही लगेच त्याच्यापाठोपाठ गिळायची, एकदाचं सगळं उरकलं. सहा-सात आठवड्यांनी टीएसएच 86 वरून उतरला, पण 14 वर येऊन अडून बसला. विशेषज्ञांनी विचारलं, "चाय?" मी गप्प. "आयरन की गोली कब?" मी सांगितलं. त्यांनी डोकं धरलं नाही, पण धरल्यासारखं केलं. लोह आणि कॅल्शियम या गोळीला पोटातच धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. मध्ये चार तास हवेत. तेव्हापासून लोह दुपारी, आणि तो पहाटेचा तास पूर्ण. आता तर मला तो आवडायला लागलाय. सहाच्या सुमाराला लांबून कचरागाडीचं गाणं येतं, मग जवळ येतं, मग शेजारच्या काकूंची चप्पल वाजते. आधी हे आवाज माझ्या झोपेत कुठंतरी विरघळून जायचे.

या 100 मायक्रोग्रॅमचा मी एकदा हिशेब केला. जित्याची खोड. वर्षभराच्या गोळ्यांतलं खरं औषध साडेछत्तीस मिलिग्रॅम. अक्षतेचे दोन दाणे. वर्षाला दोन दाणे कमी पडत होते, आणि तेवढ्यासाठी एक बाई सबंध थांबली होती.

लोक विचारतात, गोळी सुरू केल्यावर कसं वाटलं. लख्ख उजाडलं, असं काही झालं नाही. आधी तर केस जास्तच गळले. वजन पाच किलोनं उतरलं आणि थांबलं. विशेषज्ञ म्हणाले, तेवढं पाणीच होतं, बाकीचं तुमचं. मुंग्या कधी गेल्या ते गेल्यावर महिन्यानं लक्षात आलं. पण एक दिवस आठवतो. रंगपंचमी. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघायला मी चार वर्षांत गेले नव्हते, त्या मार्चमध्ये लेकीनं ओढून नेलं. राजवाड्यासमोर मुंगी शिरायला जागा नाही, वरून गुलालाचे फवारे, टँकरांचं पाणी, ढोल, आणि अंगाला अंग लागून एक ओली रंगीत वाफ. घरी आलो. मी पंख्याचं बटण फिरवलं, खालीच फरशीवर बसले आणि म्हटलं, "पाचवर करा हो, काय उकडून राहिलंय!" बोलून गेले. हे दारात तसेच उभे. लेकीनं आधी रेग्युलेटरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ती रडायलाच लागली. माझ्या कपाळावर घाम आला होता. कुंकू त्यात ओघळून नाकापर्यंत आलं होतं.

बाकी काही हिशेब लागले, काही नाही. कॅशचं काउंटर मी परत मागून घेतलं. वरचा सूर आला, पूर्वीएवढा नाही. आणि एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मी बरेच दिवस लपवली. टीएसएच दोनवर आला, सगळे आकडे आपापल्या रकान्यात बसले, आणि एका रविवारी दुपारी मी दोनला आडवी झाले ती साडेचारला उठले. ठणठणीत असताना. नुसतं झोपावंसं वाटलं म्हणून. म्हणजे मी थोडी आळशी आहेच! सासूबाई तुळशीपाशी होत्या. "झोप झाली?" म्हणाल्या. मी म्हटलं, "झाली. छान झाली." त्यांनी वळून बघितलं. तेवढा आळस माझा स्वतःचा आहे आणि तो मला फार प्रिय आहे. पण त्या चार वर्षांतलं किती माझं आणि किती ग्रंथीचं, हे मला वेगळं करता येत नाही. लेकीवर ओरडले ते कुणी? जाऊबाईंशी सहा महिने अबोला धरला तो कुणी? माफी मागताना रिपोर्ट पुढं करावा का? मी एकदा केला. जाऊबाई म्हणाल्या, "असू दे हो, पण तू तशीही बोलतेसच."

पुढच्या श्रावणात मी एकटीच राजवाड्यामागं गेले. म्हाताऱ्याला मी आठवले नाही. दिवसाला शंभर हात, त्याला काय आठवणार. मला खूप सांगायचं होतं, वाक्यही जुळवून नेलं होतं, पण गर्दी होती आणि त्याच्या कानाशी एक नवरी रेशमी धागा हवा म्हणून हटून बसली होती. त्यानं माझा हात घेतला, अंगठा दुमडला, न विचारता दो-छहची माळ ओढली. दो-चार नव्हे. पेरं थोडी वयानंही रुंदावली असतील. एकही न फुटता बारा चढल्या. पैसे देताना मी वीस रुपये जास्त ठेवले, ते त्यानं परत केले.

तिथून सराफा पावलावर. संध्याकाळ व्हायची होती, पेढ्या उघड्या होत्या, ओट्यांवर अजून रात्रीच्या खाऊगल्लीतल्या भुट्ट्याच्या किसाच्या कढया लागल्या नव्हत्या. पर्समध्ये लाल कागदाच्या पुडीत आत्याची पाटली होती. जोडीतली एक कधीच मोडली गेली. ही वडिलांनी मला लग्नात तशीच दिली होती, कापलेली, "केव्हातरी जोडून घे" म्हणून. कारागिरानं ती काट्यावर ठेवली, भिंगातून कापलेल्या कडा बघितल्या. माल चांगला आहे म्हणाला, जुना आहे. टाका मारता येईल, थोडी भर घालावी लागेल, चार दिवसांत देतो. मग त्यानं लाकडी मापाचा दांडा पुढं ओढला आणि वर बघून विचारलं, "किस नाप की करूँ?"

मी माझा हात पुढं केला, आणि मागं घेतला. ही घडवली तेव्हा आत्या सतरा-अठरा वर्षांची असणार. कापली तेव्हा हात सुजलेला होता. मधला, तिचा स्वतःचा हात केवढा होता?

तो दांडा धरून वाट बघत राहिला. मागं एक बाई नथ घेऊन उभी होती. मी म्हटलं, पुन्हा येईन. पाटली पुडीत बांधून घेतली.